चित्रकथेतून परिसर अभ्यास : मोहफुलाचा एक पाठ

(इयत्ता चौथीसाठी)

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मुलास जंगलाची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. मोहाची झाडे कोठे आहेत, अस्वल कोणत्या वाटेने येते, हे त्यास पुष्कळदा शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते. मग परिसर अभ्यासाच्या तासाला शाळेने शिकवावयाचे ते काय? शिकवावयाचा तो कार्यकारणसंबंध. चैत्रात पेटलेला पाचोळा मूल पाहते. वीस वर्षांनंतर जेथे तरुण झाड असावयास हवे तेथे ते नाही, हेही पुढे पाहते. परंतु या दोन गोष्टींत इतका काळ लोटलेला असतो की, डोळ्यांना त्या कधीच एकत्र दिसत नाहीत. चित्रकथा ती दोन्ही दृश्ये एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडते. हेच तिचे सामर्थ्य होय.

हे साधन परके नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी चित्रांची पोथी समोर धरून कथा सांगत आले आहेत. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’ मालेने पुराण व इतिहास मुलांच्या हाती दिला. नागपूरचे रोहन चक्रवर्ती यांनी दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले असूनही २०१० मध्ये ‘ग्रीन ह्यूमर’ ही वन्यजीवांवरील व्यंगचित्रमाला सुरू केली आणि विदर्भातील एका चित्रकाराचे हे काम देशाबाहेरील वाचकांपर्यंत पोहोचले. आपल्या वर्गाच्या दृष्टीने आणखी एक लाभ आहे. ज्या मुलाच्या घरी गोंडी वा माडिया बोलली जाते, त्यास मराठी परिच्छेद अडवितो. चित्र अडवीत नाही.

उद्देश : पाचोळ्याला लावलेली आग व मोहाच्या नव्या रोपांचा अभाव यांतील संबंध मुलांनी स्वतः शोधून काढणे.

साहित्य : मोठ्या कागदाच्या सहा चौकटी, कोळसा अथवा रंगीत खडू, मोहाची सुकी फुले, मूठभर पाचोळा.

चौकटी पुढीलप्रमाणे काढाव्यात. पहिली : रात्र, मोहाच्या फुलांवर वटवाघळे. दुसरी : पहाट, फुले गळून पाचोळ्यात लपली आहेत, दूर एक अस्वल ती खात आहे. तिसरी : आई व मुलगी टोपली घेऊन आल्या आहेत, फुले दिसावीत म्हणून आई पाचोळ्याला काडी लावते. चौथी : पूर्ण कोरी. पाचवी : पावसाळा, मोठे झाड उभे आहे, भोवती एकही रोप नाही, उघड्या मातीवरून पाणी धावत आहे. सहावी : मुलगी आता आजी झाली आहे, झाड वठले आहे, नातीच्या हाती रिकामी टोपली.

प्रस्तावना : फुले मुलांच्या हाती द्यावीत. ती कोणत्या महिन्यात पडतात, घरी त्यांचे काय होते, एवढेच विचारावे. उत्तरे गोंडीत आली तरी ती फळ्यावर लिहावीत.

विषयप्रतिपादन : पहिल्या तीन चौकटी एकेक करून दाखवाव्यात व दर वेळी ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारावे. त्यानंतर चौथी कोरी चौकट न दाखविता पाचवी व सहावी दाखवावी. शेवटी कोरी चौकट टांगून मुलांना तेथील चित्र काढण्यास सांगावे. काही मुले जळणारी रोपे काढतील, काही लावा-तित्तिरांची जमिनीवरील अंडी, काही दूरवर पसरलेला वणवा. यांपैकी कोणतेही उत्तर चूक नाही. शिक्षकाने या वेळी बोलण्याचा मोह आवरावा. पाठाचा प्राण या कोऱ्या चौकटीत आहे.

संकलन : फुले वेचल्याने मोह नाहीसा होतो काय, असा प्रश्न विचारावा. याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. गळतो तो फुलाचा गोड, मांसल भाग. फळ फांदीवरच वाढते. मात्र बी तेलासाठी वेचली जाते, उगवलेले रोप गुरे खातात, उरलेले आगीत जळते. पाचोळा गेल्यावर माती उघडी पडते. कारण एक नसून अनेक आहेत, हे फळ्यावर मांडावे.

उपयोजन : मुलांनी गटागटाने तीन चौकटींची नवी कथा रचावी. पाचोळा झाडून काढणे अथवा झाडाखाली कापड वा जाळी पसरणे हे उपाय त्यांच्याकडूनच यावेत. दुसऱ्या गटाने ‘मोह वेचावयास जाताना’ ही कथा घ्यावी. वाकलेला वा उकिडवा बसलेला माणूस वाघास नेहमीचे भक्ष्य भासण्याचा संभव असतो आणि पहाटेच्या अंधारात अस्वलही त्याच झाडाखाली असते. म्हणून चांगले उजाडल्यावर, सोबतीने, बोलत जावे आणि एकाने उभे राहून लक्ष ठेवावे. ज्या गावांत या हंगामात माणसे दगावली आहेत, तेथे ही कथा केवळ अभ्यास राहत नाही. अशा घरातील मूल वर्गात असल्यास त्यास चित्र काढण्याची सक्ती करू नये.

दक्षता : कथेतील आईस दोषी ठरवू नये. वर्गातील मुलांच्या आयाही तेच करतात व त्या फुलांवर घरातील मीठमिरची चालते. ज्या कथेत आपली आई खलनायिका आहे, ती कथा मूल घरी सांगणार नाही. वाघासही दुष्ट रंगवू नये. दुसरी गोष्ट, चित्रावर मुलाचा विश्वास शब्दाहून अधिक बसतो. म्हणून चित्रातील चूक अधिक घातक असते. सर्पदंश झालेला माणूस मांत्रिकाच्या उपचाराने बरा झालेला दाखविल्यास ते चित्र एखाद्याच्या प्राणावर बेतेल. त्यास तडक दवाखान्यात नेलेलेच दाखवावे.

पाठ शाळेत संपू नये. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर या भागातील अनेक ग्रामसभांकडे आपल्या जंगलाच्या रक्षणाची जबाबदारी आली. पाचोळा पेटवावा की झाडावा, हा निर्णय अखेर तेथेच व्हावयाचा आहे. म्हणून मोहाच्या हंगामापूर्वी, माघ महिन्यात, मुलांच्या चौकटी ग्रामसभेच्या बैठकीत दोरीवर टांगाव्यात आणि कथा मुलांनीच आपल्या बोलीत सांगावी. चौथी चौकट तेथेही कोरीच ठेवावी व खडू एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती द्यावा.