जालन्याहून निघ, राजूरला ये

छोटे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, सुट्टी लागली की लेकरं दिवसभर मोबाईलला चिकटतात, मला दोन जिने चढले तरी धाप लागते. तुम्ही सगळे गेल्या उन्हाळ्यात पळत काय होतात, तंबू घेऊन फिरत काय होतात, सांग ना नीट." तेव्हा घरात पाहुणे बसलेले होते. शिवाय त्यातल्या काही गोष्टी बहिणीबहिणींतच बोलायच्या. म्हणून आज दुपारी सगळे झोपलेले बघून लिहायला बसले.

सुरुवात आईपासून करते. अंगारकीला ती जालन्याहून राजूरला पायी यायची, आठवतं ना? रात्रीची जेवणं उरकायची, पदर खोचायचा आणि निघायची. पंचवीसेक किलोमीटर, तेही अनवाणी. पहाटे रांगेत उभं राहून राजुरेश्वराचं दर्शन घ्यायची आणि मग माझ्या दारात. मी परातीत कोमट पाणी घेऊन बसलेली असायचे. तिचे पाय धुताना तळव्यांवरचे फोड हाताला लागायचे, पण तोंडावर थकवा म्हणून दिसायचा नाही. हीच आई एरवी संध्याकाळी "चल, जरा फिरून येऊ" म्हटलं की म्हणायची, "लोक काय म्हणतील, या वयात बाई हवा खायला निघाली!"

ती गेल्यानंतर मला हे उमगलं बघ. आपल्याकडं बाईच्या पायांना देवाच्या नावानं मोकळीक आहे, तिच्या स्वतःच्या नावानं नाही. मोरगाव, राजूर, पद्मालय आणि अर्धं चिंचवड, अशी गणपतीची साडेतीन पीठं मानतात. त्यातल्या आपल्या राजूरच्या वाटेवर अंगारकीच्या रात्री दोन वाजताही बायका बिनधास्त चालत असतात आणि कुणी एक शब्द बोलत नाही. त्याच रस्त्यावर एखाद्या बुधवारी मी बूट घालून पळायला निघाले की टपरीवरच्या माना वळतात. म्हणून तुला माझं पहिलं सांगणं हेच, की जिथं मोकळीक आहे तिथून सुरू कर. आई गेल्यानंतरच्या पहिल्या अंगारकीला मी मुद्दाम जालन्याला गेले आणि दोन्ही लेकरांना घेऊन तिच्या वाटेनं चालत घरी आले. थोरली पूर्ण चालली. धाकट्याला शेवटी तुझ्या दाजींनी गाडीवर घेतलं. त्या रात्री कळलं की आपले पाय आपल्याला वाटतात त्याहून बरेच दमदार आहेत.

पळणं त्यानंतरचं. पहाटे पाचला आमच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं-पोरी पळत असतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, वर १०० मीटर आणि गोळाफेक. तुला सांगते, या ८०० मीटरची गोष्ट वाचली तेव्हा मला रडू आलं होतं. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. शेवटी काही जणी दमलेल्या दिसल्या, तर वर्तमानपत्रांनी असं काहूर माजवलं की ती शर्यत बंदच केली. ती परत आली थेट १९६० साली. आणि आज तेच अंतर आमच्या शेजारच्या वाडीतली पोरगी, ओढणी कमरेला बांधून, रोज पहाटे दोनदा पळते.

त्यातल्याच एकीनं मला शिकवलं. पहिल्या दिवशी मी विजेच्या खांबापासून खांबापर्यंत जीव खाऊन पळाले आणि छाती धरून उभी राहिले. ती थांबली, म्हणाली, "काकू, सोबतच्या माणसाशी बोलता येईल एवढंच पळा. बोलणं तुटलं की चालायला लागा." एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळायचं, दोन चालायचं. एवढंच. दहाव्या आठवड्यात मी न थांबता तीन किलोमीटर पळाले, आणि टपरीवरच्या माना वळायच्या थांबल्या होत्या. लोकांना सवय लागायला तेवढाच वेळ लागतो.

आता दार लावून घे आणि पुढचं वाच.

पळायला लागण्याआधी रक्त तपासून घे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. तुझी धाप वजनामुळं आहे की रक्त कमी म्हणून आहे, हे तपासल्याशिवाय कळणार नाही. माझं हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या लिंबाच्या सरबतासोबत घेतल्या, चहा मात्र तासभर लांब ठेवला. तीन महिन्यांनी जिना तोच होता, पण मी चढताना बोलत होते.

दुसरं, जे मी आजवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन बाळंतपणांनंतर पळताना माझे कपडे ओले व्हायचे. थेंबभरच, पण लाजेनं मी महिनाभर पळणं सोडून दिलं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे निम्म्या बायका लपवतात, आणि याला व्यायाम आहे. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो ते ओळखायचे, बसल्या जागी वर खेचून धरायचे, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाजी निवडताना होतं, बसमध्ये होतं, कुणाला कळतही नाही. मला अडीच महिने लागले. तुला असं होत असेल तर एकटीनं सोसत बसू नकोस. आणि पाळीत पळावं का, तर अंगाला झेपत असेल तर खुशाल पळावं.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढं अंगठ्याएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे. मी लेकीचे जुने बूट घालून पळाले आणि दोन नखं काळी पडून गळाली. आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा घे. घरखर्चातून तेवढे पैसे काढताना हात आखडू नकोस; लेकरांच्या बॅटला, तुझ्या नवऱ्याच्या मोबाईलच्या काचेला काढतेसच ना?

आता शर्यती. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोन पळालो आणि पहिलीच आमच्या अंगाशी आली. १ मे, लेकरांसाठी तीन किलोमीटर, वेळ सकाळी सहाची. आम्ही साडेपाचला हजर. प्रमुख पाहुणे आले सातला. मग हार, मग भाषणं. झेंडा दाखवला तेव्हा पावणेआठ वाजले होते आणि रस्त्यावरून झळा उठायला लागल्या होत्या. दोन किलोमीटरच्या आसपास थोरली थांबली. तोंड लालबुंद, आणि एवढ्या उन्हात दंडावर काटा आलेला. म्हणाली, "आई, थंडी वाजतीय." तो काटा मी जन्मात विसरणार नाही. तिला लिंबाखाली आडवं केलं, ओढणी ओली करून मानेखाली नि काखेत ठेवली, कागदानं वारा घातला. ती उलटी करून मोकळी झाली, मग घोटघोट पाणी. अर्ध्या तासानं उठून बसली. ती अंतिम रेषेपर्यंत पोचलीच नव्हती, तरी कुणीतरी येऊन तिच्या गळ्यात पदक घातलं. तिनं ते काढलं, फितीची घडी करून परत दिलं. "मी पूर्ण पळाले नाही," एवढंच बोलली.

त्या दिवसापासून आमच्या घरचा नियम: उन्हाळ्यातली शर्यत साडेसहापर्यंत सुटली नाही तर आपण घरी. भरलेले पैसे गेले तर गेले. लेकराला उन्हात थंडी वाजली, डोकं गरगरलं, मळमळलं की तिथंच थांबायचं. लेकरू बरळायला लागलं, शुद्ध हरपायला लागली तर गार पाणी ओतत थेट दवाखाना गाठायचा. बाटलीत घरचं पाणी ठेव, एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पळून झाल्यावर आपली जालन्याची मोसंबी सोलून हातात दिली की लेकरं आणखी काही मागत नाहीत.

दुसरी शर्यत जूनच्या पहिल्या रविवारी, संभाजीनगरला, पाच किलोमीटर. ती साडेपाचला म्हणजे साडेपाचलाच सुटली. धाकट्याच्या डोक्यात अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत जायचा, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत पुढं-मागं केनियाचे धावपटू असताना त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतलं. थोरलीला मी ललिता बाबरचं सांगितलं. माण तालुक्यातलं मोही गाव, आपल्यासारखाच कोरडा मुलूख, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्याच शर्यतीत दहावी. थोरली त्यावर काही बोलली नाही. पण शेवटच्या किलोमीटरला ती माझ्या बाजूला आली आणि आम्ही दोघी एका दमानं आत गेलो. दाजी आमच्या मागं चार मिनिटांनी आले, पोट हलवत, हसत. आई काठावर पाण्याची बाटली आणि सगळ्यांच्या चपला धरून उभी आहे, असलं चित्र माझ्या लेकरांच्या डोक्यात राहू नये एवढ्यासाठी मी पळते. तूही नाव घालताना आधी स्वतःचं घाल.

तंबूचंही तेच. पहिल्यांदा गच्चीवर झोपलो, मग विहिरीजवळच्या शेतात. ज्वारी निघून गेलेली, ढेकळं अजून गरम, वर गच्च चांदणं. लेकरं हरखून गेली. मी मात्र दोन तास चुलीपुढं भाकरी थापत होते. रात्री पडल्यावर वाटलं, अगं, मी नुसतं घर उचलून रानात आणलं. दुसऱ्या खेपेपासून रानात मी चुलीला हात लावत नाही. दाजी खिचडी टाकतात, थोरली कांदा चिरते, धाकटा भांडी राखेनं घासतो. खिचडी पहिल्या दिवशी करपली होती. मी काही बोलले नाही, तूही बोलू नकोस. एकदा बोललं की झारा परत आपल्या हातात येतो.

सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, हे लेकरांना पाठ करून घे. आमच्या बुटातून खरंच इंगळी निघाली. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे जगाला दाखवून देणारे महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले, देहेडचे. तेव्हा मंत्रतंत्रात वेळ घालवायचा नाही, सरळ सरकारी दवाखान्यात जायचं, साप असो की विंचू.

संभाजीनगरच्या शर्यतीनंतर आम्ही तसेच पुढं भंडारदऱ्याला गेलो. संगमनेर, अकोले आणि मग, गंमत बघ, राजूर! नाव सांगितलं की लोक कायम विचारतात, "भंडारदऱ्याजवळचं का?" ते हे. तिथं हॉटेलात चहा पिताना धाकटा मालकाला म्हणाला, "काका, आम्ही पण राजूरचेच." त्यांनी त्याला एक भजं जास्त दिलं.

शेंडीजवळ तंबू टाकला. पाऊस यायच्या आधीचे ते दिवस, हवा जड, दमट. अंधार पडल्यावर एका हिरड्याच्या झाडाखाली गेलो आणि मी सवयीनं बॅटरी लावली. थोरलीनं पटकन हात ठेवला तिच्यावर. "आई, नर काजवे लुकलुकून मादीला बोलवतात. आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचं दिसत नाही." तिच्या बोटांच्या फटींतून लाल उजेड येत होता, तोही तिनं विझवला. जरा वेळ काहीच दिसेना. मग एक ठिणगी, मग दहा, आणि एकदम अख्खं झाड पेटलं, विझलं, पेटलं, जसं काही श्वास घेतंय. धाकट्यानं माझा हात घट्ट धरला होता. आम्ही तासभर उभे होतो, कुणाच्या हातात मोबाईल नव्हता, आणि तो ठेवा म्हणून मी सांगितलंही नव्हतं.

तिकडं जायचं झालं तर शनिवार-रविवार टाळ. गाड्यांच्या दिव्यांची रांग लागते, त्यात काजवे राहतात बाजूला. वनखात्याचे नियम निघण्याआधी विचारून घे.

पण ते पुढच्या उन्हाळ्याचं. आधी अंगारकी. कॅलेंडरात बघून ठेव आणि आदल्या दिवशी लेकरांना घेऊन जालन्याला उतर, मीही येते. रात्री दहाला आईच्या घरासमोरून निघू. बूट नवे असतील तर आधी आठ दिवस घालून फिर, नाहीतर फोड येतील. डबा, फराळ काही करून आणू नकोस, वाटेत लोक पाणी, चहा, केळी देतात. पहाटे दर्शन झालं की घरी. परात आणि कोमट पाणी तयार असेल. दाजींना सांगून ठेवलंय, यंदा पाणी त्यांनी तापवायचं.

तुझी,
ताई