शिल्डची शेपटी कापा

भिवंडीच्या सायझिंग खात्यात सुताला खळ लागून ताणा बीमवर चढतो, तेव्हा धाग्यांवरचा ताण लोडसेल मोजतो आणि त्यावर ड्राइव्ह मोटरचा वेग सांभाळते. तो आकडा थरथरू लागला की लोक आधी लोडसेल बदलतात, मग ड्राइव्ह दुरुस्तीला पाठवतात. मी आधी शिल्ड केबलची टोकं बघतो. बऱ्याचदा शिल्डची जाळी पिळून तिची वीतभर शेपटी केलेली असते आणि ती लांबच्या अर्थपट्टीला बांधलेली असते. दोष तिथेच असतो.

काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा. तो बहुधा 5 मिनिटं किंवा जास्त असतो. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर 560 व्होल्टच्या वर दाब असतो, आणि दिवे विझले तरी कॅपॅसिटर भरलेले राहतात. मीटर लावून खात्री केल्याशिवाय हात घालू नका.

मोटरची केबल. हिची शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करायची. ड्राइव्ह मोटरला गुळगुळीत लाट देत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे ठोके देते. प्रत्येक ठोक्याला थोडा करंट केबलमधून अर्थकडे गळतो आणि त्याला ड्राइव्हकडे परत यायचंच असतं. शिल्ड एका टोकाला तुटलेली असेल तर तो मशीनच्या सांगाड्यातून, बेअरिंगमधून, लोडसेलच्या तारांतून वाट काढतो.

बाहेरचं आवरण बोटभर सोला, जाळीला काप लागू देऊ नका. उघडी जाळी सगळ्या बाजूंनी पकडणारा धातूचा क्लॅम्प पॅनेलच्या प्लेटवर आवळा. प्लेटला रंग असेल तर तेवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासा. मोटरकडे जाळीला पूर्ण वेढा घालणारा पितळी ईएमसी ग्लँड वापरा. टर्मिनल बॉक्स प्लॅस्टिकचा असेल, तर तांब्याची विणलेली चपटी पट्टी जितकी आखूड जमेल तितकी घेऊन जाळी थेट मोटरच्या सांगाड्याला जोडा.

शेपटी का नको? 10 सेंटिमीटर तारेचं इंडक्टन्स साधारण 100 नॅनोहेन्री असतं. 50 हर्ट्झला ते नगण्य. पण ड्राइव्हच्या ठोक्यांत 10 मेगाहर्ट्झपर्यंतचे घटक असतात आणि तिथे तीच तार सहा ओहमांहून जास्त अडवते. मल्टीमीटर शून्य दाखवतो, म्हणून वायरमन निर्धास्त राहतो.

आणखी एक, जिवाशी संबंधित: शिल्ड म्हणजे सुरक्षेची अर्थिंग नव्हे. मोटरला वेगळी हिरवी-पिवळी अर्थ तार हवीच.

लोडसेलची किंवा 4-20 मिलिअँपिअरची सिग्नल केबल. इथे नियम उलटा. शिल्ड फक्त पॅनेलकडे क्लॅम्प करा. मशीनकडे जाळी कापून त्यावर हीटश्रिंक चढवा, म्हणजे ती लोखंडाला लागणार नाही. पॅनेलची अर्थ आणि मशीनची अर्थ यांत थोडा फरक असतो. दोन्ही टोकं जोडली तर त्या फरकाने शिल्डमधूनच 50 हर्ट्झचा करंट वाहतो आणि सिग्नलमध्ये शिरतो. एन्कोडर आणि कम्युनिकेशनच्या केबलला मात्र हा नियम डोळे मिटून लावू नका. तिथे मॅन्युअल बहुतेकदा दोन्ही टोकं जोडायला सांगतं, तसंच करा.

सिग्नलची केबल मोटरच्या केबलपासून निदान 30 सेंटिमीटर दूर न्या. ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा.

तपासणी. पॅनेलकडचा क्लॅम्प सोडून सिग्नलच्या शिल्डचा अर्थशी संपर्क मोजा. मीटरने जोड दाखवला तर दुसरं टोक कुठेतरी चिकटलंय. सायझिंगच्या वाफेत आणि खळीच्या शिंतोड्यांत हे वारंवार होतं. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावायचा असेल तर मोटरची केबल ड्राइव्हपासून आधी सोडवा, नाहीतर ड्राइव्ह जळू शकते. शेवटी क्लॅम्प परत आवळा, मशीन उभी ठेवून ताणाचा आकडा लिहा, मग ड्राइव्ह चालू करून शून्य वेगावर पुन्हा लिहा. दोन्ही सारखे आले पाहिजेत.

मोकळ्या टोकापाशी टॅग बांधा: ‘मुद्दाम सोडलं आहे, जोडू नका’. भिवंडीत तो मराठीबरोबर हिंदीत आणि उर्दूतही लिहा. पुढच्या पाळीचा वायरमन कोण असेल, सांगता येत नाही.