दुकानातील मोठ्या पडद्यावर चित्र खराब का येते?

गेल्या लग्नसराईतली गोष्ट आहे. आमचे कापडाचे दुकान हिंगणघाटला. हल्ली सुरतेचे नमुने गाठोड्यात कमी आणि फोनवर जास्त येतात. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर चार बायका एकदम पाहू शकत नाहीत, सबब आम्ही २२ इंची मॉनिटर आणून गादीसमोर लावला. देवळीच्या एका कुटुंबाने त्यावर पाहून ११ साड्या पसंत केल्या, बयाणा दिला. माल आला तेव्हा घरातील थोरल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, आम्ही राणी रंग सांगितला होता, ही तर गजरी आहे. आणि हिचा पदर काळा होता ना? हा हिरवा कसा?"

पदर मुळातच गडद बॉटल ग्रीन होता. सुरतवाल्यांनी चित्रातलाच माल धाडला होता. खोट आमच्या पडद्यात होती. परतीचे भाडे अंगावर पडले ते सोडा, पण दाखवले एक आणि दिले दुसरे, असा बोल आमच्यावर आला. तेव्हापासून आम्ही या मसल्याच्या मागे लागलो. जे हाती लागले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी लिहीत आहोत.

आमच्या पडद्यात दोन दोष होते, चित्र पुसट येणे आणि रंग बिघडणे. दोहोंची कारणे निराळी, इलाजही निराळा.

पुसटपणाचे आधी पाहू. मॉनिटरचा पडदा हा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो आणि कारखान्यातून निघताना त्या ठिपक्यांची संख्या कायमची ठरलेली असते. आमच्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत. आमचा लॅपटॉप जुना, त्याच्या पडद्यावर १३६६ बाय ७६८. दोन्हीकडे एकच चित्र दाखवण्याची तजवीज, म्हणजे 'डुप्लिकेट', चालू असली की दोन्ही पडद्यांना झेपेल असे एकच माप संगणक धरतो, आणि ते बहुधा लहान पडद्याचे असते. मग १३६६ ठिपक्यांचे चित्र १९२० ठिपक्यांवर ताणले जाते. एका ठिपक्याच्या वाट्याला साधारण १.४ ठिपके. विणकर बांधवांना हे चटकन उमजेल: १३६६ धाग्यांची नक्षी १९२० धाग्यांच्या तान्यावर उतरवायची, तर कुठे एक धागा, कुठे दोन धरावे लागतील, धागा चिरता तर येत नाही. नक्षीची कड फाटणारच. संगणक ती फाटलेली कड लपवण्यासाठी शेजारचे रंग एकमेकांत मिसळतो, आणि त्यालाच आपण पुसट चित्र म्हणतो.

इलाज फुकटचा आहे. विंडोज असेल तर कळफलकावरचे विंडोजचे बटण दाबून धरून 'पी' दाबावे. 'डुप्लिकेट' सोडून 'एक्स्टेंड' किंवा 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडावे. नंतर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन वर मोठ्या पडद्याच्या चौकोनावर क्लिक करावे (हे पुष्कळजण विसरतात आणि लॅपटॉपचेच माप बदलत बसतात) आणि रिझोल्यूशनच्या यादीत ज्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिले आहे ते घ्यावे. अक्षरे लहान वाटली तर रिझोल्यूशन उतरवू नये, 'स्केल' १२५ टक्के करावे. बाकी सगळे स्वच्छ आणि फक्त बिलाचा जुना प्रोग्राम धूसर दिसत असेल, तर दोन्ही पडद्यांचे स्केल सारखे ठेवून संगणक बंद करून पुन्हा चालू करावा.

आमची परीक्षा सोपी आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, म्हणून आम्ही उर्दूची एक ओळ बारीक अक्षरात उघडतो. बे, पे आणि ते यांत फरक केवळ नुक्त्यांचा. पेचे तीन नुक्ते सुटे मोजता आले तर पडदा ठीक. तिन्ही मिळून एक डाग दिसला तर माप अजून चुकलेले आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी ही खबरदारी जरूर घ्यावी.

आता केबल. आम्हाला प्रथम "केबल बदला" असाच सल्ला मिळाला आणि आम्ही महागडी केबल घेऊन बसलो, फायदा शून्य. एचडीएमआय केबलमधून चित्र आकड्यांच्या रूपात जाते. केबल खराब असेल तर पडदा लुकलुकतो, ठिणग्यांसारखे ठिपके उडतात किंवा चित्र नाहीसे होते, पण रंग फिका पडत नाही. जुन्या निळ्या १५ पिनांच्या व्हीजीएची गोष्ट वेगळी. ती पद्धत १९८७ सालची, तीत चित्र विजेच्या चढउतारातून जाते, म्हणून लांब किंवा सैल केबलने ते खरोखर मळते. व्हीजीएच वापरणे भाग असेल तर मॉनिटरवरचे 'ऑटो' बटण एकदा दाबावे. दोन्ही खाचा असतील तर एचडीएमआय घ्यावी.

रंगाचा मामला कापडवाल्यांनी नीट ध्यानात घ्यावा. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा ० ते २५५ अशा मोजतो. टीव्हीच्या दुनियेत हीच मोजणी १६ ते २३५ असते. पाठवणारा एक मोजणी धरतो आणि पडदा दुसरी, असे झाले की बिघाड होतो. लॅपटॉपने १६ पासून पाठवले आणि पडद्याने ० पासून धरले तर काळा राखाडी दिसतो, सारे चित्र धुऊन निघाल्यासारखे. उलट झाले तर गडद छटा काळ्यात बुडतात. मरून, नेव्ही ब्ल्यू, बॉटल ग्रीन सारे एक. देवळीचा पदर इथेच काळा झाला. मॉनिटरच्या मेनूत 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'आरजीबी रेंज' शोधावे आणि लॅपटॉपच्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'फुल' किंवा 'लिमिटेड' पाहावे. दोन्हीकडे जोडी जुळली पाहिजे.

राणी रंगाचा दोष मात्र 'विविड' मोडचा होता. तो दुकानातल्या झगझगाटात पडदा उठून दिसावा म्हणून दिलेला असतो. तो बंद करून 'एसआरजीबी', नसेल तर 'स्टँडर्ड' ठेवावे. संध्याकाळी पडदा आपोआप पिवळा करणारी 'नाइट लाइट' सोयही दुकानात बंद असावी.

मॉनिटरऐवजी टीव्ही लावला असेल तर आणखी एक खोड. कित्येक टीव्ही चित्र थोडे मोठे करून कडा कापतात. साडीचा काठच गायब. 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' अशा नावाची सोय मेनूत असते, ती चालू करावी. इनपुटला 'पीसी' नाव द्यावे आणि 'शार्पनेस' अगदी उतरवावी, नाही तर जरीच्या भोवती पांढरी रेघ उमटते.

इतके करूनही एखादे चित्र खराबच दिसेल, कारण व्हॉट्सॲपवर फोटो दाबून लहान होऊन येतो. पेढीला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे. आणि स्वस्त लॅपटॉपचा पडदा मुळातच थोडे रंग दाखवतो, म्हणून लॅपटॉप आणि मॉनिटर यांचा रंग तंतोतंत जुळेल ही आशा सोडावी. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी विलायतेच्या बाजारात चालत असे. तंतू बोटांनी ओढून प्रत सांगणारे लोक इथले. पडद्याची प्रत बोटांना कळत नाही. कापडाचा रंगसुद्धा ट्यूबलाइटखाली एक आणि उन्हात दुसरा दिसतो, म्हणून तर गिऱ्हाईक साडी घेऊन दाराशी जाते.

आम्ही आता सुरतेहून प्रत्येक नव्या रंगाची चार बोटांची पट्टी मागवतो. ती पडद्याच्या कडेला टाचलेली असते. गिऱ्हाइकाने चित्र पाहून नक्षी ठरवावी, रंग पट्टीवर बोट ठेवून, दाराशी नेऊन ठरवावा, आणि पट्टीचा नंबर आम्ही बयाण्याच्या पावतीवर लिहितो.