कावेरीतील बेटे आणि बंगळूरची बससहल

बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली भूमी, ही व्याख्या शाळेतच पाठ झालेली असते. समुद्रातील बेटाला ती बारमाही लागू पडते. नदीतील बेटाची गोष्ट निराळी. त्याचे बेटपण पाण्याबरोबर वाढते आणि पाण्याबरोबरच ओसरते. बंगळूरहून दोन-तीन दिवसांच्या बससहलीला निघणाऱ्या प्रवाशाला हे सहसा कोणी सांगत नाही.

अशा सहलीत मुक्काम बहुधा म्हैसूरला असतो आणि जाता-येता कावेरीतील दोन बेटे पाहावयास मिळतात : श्रीरंगपट्टण व शिवनसमुद्र. तिसरे, श्रीरंगम्, तामिळनाडूत दूर राहते. तिन्ही ठिकाणी रंगनाथाची मंदिरे असून भाविक त्यांना आदिरंग, मध्यरंग व अंत्यरंग म्हणतात. रामनगरचे खडक व चन्नपट्टणची लाकडी खेळणी मागे टाकून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर बस एक पूल ओलांडते. आपण बेटावर आलो, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. कारण मार्गदर्शक तोवर टिपूच्या दर्या दौलत महालातील भित्तिचित्रांविषयी बोलू लागलेला असतो. चित्रे पाहण्याजोगी आहेत, यात शंका नाही. परंतु या बेटाचा इतिहास समजावयाचा तर आधी नदी पाहिली पाहिजे.

मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या वेशीपर्यंत पोहोचला होता. पाऊस सुरू झाला, रसद संपली, जनावरे मरू लागली. अखेर वेढ्याच्या तोफा स्वहस्ते निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. त्या उपाशी सैन्याला वाटेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या आणि मराठ्यांच्या बाजारात धान्य मिळाले. पुढल्या वर्षीच्या वेढ्यानंतर टिपूला निम्मा मुलूख सोडावा लागला. १७९९ मध्ये इंग्रजांनी ऋतूचे भान राखले. पावसाळ्यात पात्र भरण्याआधीच, ४ मे रोजी भर दुपारी, त्यांचे सैनिक खडकाळ, उथळ पात्रातून चालत येऊन तटाच्या खिंडाराला भिडले. उन्हाळ्यातील कावेरीने किल्ल्याचे रक्षण केले नाही.

शिवनसमुद्रापाशी नदी पुन्हा दुभंगते. एक फाटा गगनचुक्कीवरून, दुसरा भरचुक्कीवरून कोसळतो. जुलै ते ऑक्टोबर या काळात हे दृश्य विस्मयकारक असते. पण सहलींना गर्दी लोटते ती मुलांना सुटी असते तेव्हा, एप्रिल-मे महिन्यांत. आणि त्या वेळी पुष्कळदा समोर उघडा काळा कातळ व एखाद-दुसरी बारीक धार एवढेच असते. पैसे भरून आलेला प्रवासी मग मार्गदर्शकाला विचारतो, धबधबा कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर निम्मे ऋतूत व निम्मे मनुष्याच्या गरजांत आहे.

येथील जलविद्युत केंद्र १९०२ मध्ये सुरू झाले. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या केंद्राची वीज प्रथम सुमारे दीडशे किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि १९०५ मध्ये तिने बंगळूरचे दिवे लागले. उन्हाळ्यात पाणी आटले की यंत्रे मंदावत. ही अडचण दूर करणे हा कृष्णराजसागर धरणाचा एक हेतू होता. दुसरा शेतीला पाणी देण्याचा. पुण्यात शिकलेले व खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले विश्वेश्वरय्या यांच्या देखरेखीखाली १९११ मध्ये त्याचे काम सुरू झाले. तेव्हापासून शिवनसमुद्रापर्यंत किती पाणी पोहोचावे, हे आकाशाबरोबर धरणाचे दरवाजेही ठरवू लागले.

१९७४ पासून त्यात आणखी एका वाटेकऱ्याची भर पडली. बंगळूर नदीकाठी वसलेले नाही. त्याच्यासाठी शिवनसमुद्राच्या वरच्या अंगाला कावेरीचे पाणी घेतले जाते, तोरेकाडनहळ्ळी येथे शुद्ध होते आणि टप्प्याटप्प्याने सुमारे पाचशे मीटर उंच चढवून, शंभरएक किलोमीटरवरील शहरात पोहोचते. बसमधील प्रवाशाने निघताना घरून भरून घेतलेल्या बाटलीतही ते असू शकते. कातळाकडे पाहून हिरमुसलेल्या त्या प्रवाशाला मार्गदर्शकाने एवढे जरी सांगितले, तरी अर्ध्या तासाचा तो थांबा वाया जाणार नाही.