गटारातला वायू : नाकावर विसंबू नका

सेप्टिक टँक साफ करायला एक जण उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. अशा बातम्या आपण वारंवार वाचतो. या कामावर आपल्याच वस्त्यांतली माणसे असतात. म्हणून हे विष कसे तयार होते ते आज समजून घेऊ.

आपल्या पेशी ऑक्सिजन वापरून अन्नातून ऊर्जा मिळवतात. त्यातले शेवटचे काम सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, करते. बंद टाकीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, तरी काही जिवाणू तेथे मजेत जगतात. लघवीतून आणि कपडे धुण्याच्या पावडरीतून गटारात सल्फेट येते. डिसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू ऑक्सिजनऐवजी हे सल्फेट वापरतात. आधी सल्फेटचे सल्फाइट होते, मग सल्फाइट रिडक्टेज हे विकर त्याचे सल्फाइड करते. त्यातूनच हायड्रोजन सल्फाइड वायू बनतो.

हा वायू श्वासातून आत गेला की आपल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजलाच बंद पाडतो. मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही.

याचा वास सडक्या अंड्यासारखा असतो. पण हवेच्या दहा लाख भागांत सुमारे १०० भाग वायू झाला की नाक बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे नव्हे. तो वाढलेलाही असू शकतो. ५०० ते १००० भागांत माणूस पाहता पाहता बेशुद्ध होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि गाळ ढवळताच एकदम सुटतो.

लक्षात ठेवा :

• तोंडाला रुमाल बांधून हा वायू अडत नाही.
• काडी पेटवून तपासू नका. मिथेनचा स्फोट होऊ शकतो.
• आत कोणी पडले तर मागोमाग उतरू नका. १०१ वर अग्निशमन दलाला आणि १०८ वर रुग्णवाहिकेला बोलवा. दोर बांधलेला असेल तर बाहेरूनच ओढा.

२०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण भरपाईने माणूस परत येत नाही. ठेकेदार ‘पाच मिनिटांचे काम आहे’ म्हणाला, तर घरच्यांनीच ठाम सांगावे : मशीन आणा, माणूस उतरणार नाही.