जुने लुगडे आणि नवा बटवा



श्रीकृष्णाच्या बोटाला जखम झाली तेव्हाची लोककथा आपण सर्वांनी ऐकली आहे. सुभद्रेच्या घरी शालू-पैठण्यांची रास असूनही बोटाला बांधण्यापुरती चिंधी मिळेना. द्रौपदीने मात्र अंगावरचे भरजरी वस्त्र क्षणात फाडून दिले. वस्त्र केव्हा जपावे आणि केव्हा फाडावे, याचा विवेक त्या कथेत आहे. आज जुन्या साड्यांपासून बटवे, पिशव्या, कापडी मण्यांच्या माळा करण्याची हौस वाढत आहे. ही हौस स्तुत्य खरी. परंतु तिलाही हाच विवेक हवा.

तो मला मोठी किंमत देऊन शिकावा लागला. आमच्या कोकणीत साडीला ‘कापड’च म्हणतात. आजी निवर्तल्यानंतर तिच्या एका इरकली कापडाची पिशवी करावी, असे माझ्या मनात आले. मी तेव्हा महाविद्यालयात होते. हाती कात्री होती, उत्साह होता. विचार मात्र नव्हता. पिशवी देखणी झाली, पण दोन महिन्यांतच तिचा तळ फाटला. शिवण शाबूत होती. कापडच विरलेले होते. आणि पदर तर मी मधोमध कापून बसले होते. ते नुकसान भरून येणारे नव्हते.

माझी चूक कोठे झाली, हे समजण्यासाठी लुगड्याची घडण पाहू. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील इलकल या गावावरून ‘इरकल’ हे नाव आपल्याकडे रूढ झाले. पारंपरिक इरकली लुगड्याचे अंग सुती असते, पदर रेशमी असतो आणि काठ घट्ट विणीचा असतो. अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे फाशांनी एकमेकांत गुंतवून जोडण्याची तेथील विणकरांची खास रीत आहे. तिला कन्नडमध्ये ‘टोपे तेणी’ म्हणतात. त्या सांध्यावर कात्री चालली, की विणकराच्या हातची खूण कायमची पुसली जाते.

वस्त्र सर्वत्र सारखे झिजत नाही, हे दुसरे तत्त्व. बसण्या-उठण्याने अंग लवकर विरते. चालताना पावलांना घासून खालच्या काठाची कड झिजते. पुष्कळ वर्षे एकाच घडीत ठेवलेले रेशीम त्या घडीवरच तडकते. वरचा काठ मात्र बहुधा टिकून राहतो. म्हणून डोळ्यांना जे सुंदर दिसते तेच बळकट असेल, असे समजू नये. कापड उजेडासमोर धरावे. जेथून उजेड जास्त झिरपतो तेथे ते विरले आहे. मग तेथे दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावे. धागे सरकू लागले, तर तो भाग भार सोसणार नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हे ज्ञान कोणी पुस्तकातून दिले नव्हते. लुगडे विरले की त्यातील चांगला भाग काढून परकर होई. मऊ भागाची बाळाची दुपटी होत. उरलेले गोधडीत जाई. त्याहून जीर्ण तुकड्याचे फडके, फडक्याचे पोतेरे. जरीचे लुगडे असेल तर ते बोहारणीला देऊन भांडे घेत, कारण खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. कापड जाळून त्यातील चांदी काढून घेत. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारला जाई : अजून यात कशापुरते बळ आहे?

आता बटव्याची कृती पाहू. ज्या लुगड्याचे अंग विरले आहे, पण काठ शाबूत आहे, तेच निवडावे. प्रथम एका कोपऱ्याला ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहावे. सुटत नसेल तर सुती भाग रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. जरी घासू नये. बाहेरच्या बाजूसाठी 22 सेंटीमीटर उंच व 18 सेंटीमीटर रुंद असे दोन तुकडे घ्यावेत. घरात जुन्या चोळीचा खण असेल तर तो फार शोभतो. अस्तर मात्र मजबूत सुती कापडाचेच असावे, कारण आतील वस्तूंचा भार तेच सोसते. बाहेरचे तुकडे व अस्तर वेगवेगळे शिवावेत. तळाला व बाजूंना उलटी टीप घालावी. तेथे धावदोरा पुरत नाही. मग अस्तर आत बसवून तोंडाशी काठाची पट्टी लावावी, तिचाच नेफा करावा आणि त्यात दोन बाजूंनी दोन नाड्या ओवाव्यात. उरलेल्या रेशमी धाग्यांचे गोंडे करावेत. विरलेला भाग टाकू नये. त्याचे बारीक तुकडे उशीत भरता येतात.

गेल्या वर्षी हस्तव्यवसायाच्या तासाला नववीतील एका मुलीने आजीचे लुगडे आणले. “बाई, याचे दहा तरी बटवे होतील!” ती आनंदाने म्हणाली. आम्ही ते खिडकीशी धरले. सारे लुगडे शाबूत होते. मधोमध रुपयाएवढे एकच भोक होते. मी तिच्या हातातील कात्री घेतली आणि सुई दिली. ती थोडी हिरमुसली. तिने दोन तास बसून रफू केले. ते काही फारसे सुबक झाले नाही. परंतु स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिच्या आजी तेच लुगडे नेसून आल्या होत्या, आणि रफूची जागा त्या शेजारच्या बायकांना स्वतःहून दाखवीत होत्या.

त्या वर्षीच्या प्रदर्शनात आमच्या वर्गाचा एक बटवा कमी होता. मला त्याचे वाईट वाटले नाही. जुन्यातून नवे करणे ही कला होय. परंतु जे अजून जुनेपणीच उपयोगी आहे, त्याला तसेच जगू देणे ही त्या कलेची पहिली पायरी होय. सुईने भागत असेल तेथे कात्री उचलू नये.