देवाची तांब्याची भांडी व तांबट समाज

देवपूजेतील ताम्हन, पळी, पंचपात्र व कलश घडविणारे परंपरागत कारागीर म्हणजे तांबट, अर्थात त्वष्टा कासार. वैदिक देवशिल्पी त्वष्टा यास हा समाज मूळपुरुष मानतो. श्रीकालिकामाता हे त्याचे आराध्यदैवत होय. पेशवाईत कोकणातील तांबट पुण्यास गेले. कसबा पेठेतील तांबट आळी आजही त्यांची साक्ष देते. पत्र्यास आकार दिल्यावर गुळगुळीत हातोडीने भांडे मठारतात. त्यामुळे अंगावर चकाकणारे ठसे उमटतात व तांबे कठीण होऊन भांडे टिकाऊ बनते. स्टील व यंत्रनिर्मित भांड्यांमुळे ही कला आता मोजक्या घरांत उरली आहे. पनवेल परिसरातील भाविकांनी देवास हातघडणीचे पात्र अर्पण केल्यास सेवेबरोबरच कारागिराच्या हातासही काम मिळेल.